मधली पायरी

पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबली की प्रवासी वड्यासाठी फलाटावर उतरतात. त्याच मिनिटांत गाडीच्या शेपटीला आणखी इंजिनं येऊन लागतात, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. आमच्याकडे त्यांना बँकर म्हणतात. पुढे भोर घाट आहे. १८६३ पासून रेल्वे तो चढते आहे, आणि सदतीस फुटांमागे एक फूट असा त्याचा चढ आहे. पुढचं इंजिन ओढतं, मागचे बँकर ढकलतात, आणि लोणावळ्याला चढ संपला की बँकर सुटून परत खाली येतात. माझे वडील बँकरवर ड्रायव्हर होते. उमेदवारीत ज्यांच्यावर काम शिकले त्या जुन्या ‘खेकडा’ इंजिनांच्या गोष्टी ते शेवटपर्यंत सांगत. आयुष्यभर त्यांनी गाड्या घाटावर पोचवल्या; पुण्याला त्या त्यांच्याशिवाय गेल्या.

लढाऊ वैमानिकांच्या प्रशिक्षणावरच्या पुस्तकाची सुरुवात मी बँकरपासून करते आहे, कारण हा विषय मला त्या वाटेने कळला. प्रशिक्षणाच्या हॉक विमानात दोन आसनं असतात, एकामागे एक. पुढे शिकणारा, मागे शिकवणारा. मागचं आसन थोडं उंच असतं, म्हणजे शिकवणाऱ्याला पुढच्याच्या डोक्यावरून धावपट्टी दिसते. मागच्याच्या हातातही तीच दांडी, पायाखाली तीच पॅडल. पण त्याचं कौशल्य दांडीला हात न लावण्यात आहे. शिकणाऱ्याची चूक त्याची त्यालाच दिसेपर्यंत थांबायचं, आणि ती जीवघेणी होण्याच्या एक क्षण आधी हात घालायचा. हा एक क्षण ओळखता येणं म्हणजे प्रशिक्षक होणं. त्यासाठी हवाई दलाची वेगळी शाळा आहे. ती १९४८ मध्ये अंबाल्याला निघाली आणि १९५४ पासून चेन्नईजवळच्या तांबरमला आहे. उत्तम उडवणाऱ्यालाही तिथे पुन्हा विद्यार्थी व्हावं लागतं.

या संग्रहाचं बीज खालापूर तालुक्यातल्या एका शाळेत पडलं. भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर मी अधूनमधून मुलांशी गप्पा मारायला जाते. २०२२ मध्ये खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत मुलींची पहिली तुकडी दाखल झाली, त्यानंतरची ही गोष्ट. दहावीतल्या एका मुलीने विचारलं, “बाई, एनडीएत गेलं की विमान हातात कधी देतात?” मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की मला उत्तर येत नाही. विमान का उडतं, हे मी तीस वर्षं फळ्यावर काढून दाखवलं होतं. माणूस ते उडवायला कसा शिकतो, याबद्दल मला काहीच ठाऊक नव्हतं. तिच्या हातात देण्याजोगं मराठी पुस्तकही मला सापडलं नाही. पराक्रमाच्या गोष्टी सापडल्या, युद्धकथा सापडल्या. त्यांतला नायक पहिल्याच पानावर विमानात बसलेला असतो. तिथपर्यंत तो कसा आला, हे कुणी सांगत नाही.

म्हणून आधी वाट सांगते. बारावी गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र घेऊन करायची, लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा द्यायची, मग निवड मंडळासमोरचे पाच दिवस. हवाई दलासाठी त्यात आणखी एक चाचणी असते. संगणकासमोर बसवून हात, पाय आणि नजर एकाच वेळी चालतात का, हे ती पाहते. ही चाचणी जन्मात एकदाच देता येते. नापास झालात तर इतर शाखांची दारं उघडी राहतात, वैमानिकाचं कायमचं बंद होतं. इतक्या लहान वयात इतका कायमचा निकाल देणाऱ्या परीक्षा आपल्याकडे फार नाहीत, आणि आमच्या भागातल्या मुलांना ती आहे हेदेखील बहुधा तिथे पोचल्यावरच कळतं. पुढे खडकवासल्याची तीन वर्षं. पदवीनंतर थेट येण्याचेही मार्ग आहेत. मग हैदराबादजवळचं दुंडीगल, हवाई दलाची अकादमी. तिथे पिलाटस या प्रॉपेलरच्या विमानावर पहिले धडे, पहिला सोलो, म्हणजे एकट्याने केलेलं पहिलं उड्डाण. याच टप्प्याअखेर वाटा फुटतात: कुणी हेलिकॉप्टरकडे, कुणी मालवाहू विमानांकडे, कुणी लढाऊकडे. लढाऊचे विद्यार्थी हकीमपेटला किरण या जेटवर जातात, अधिकारी म्हणून खांद्यावर पट्टी चढते, आणि मग ते बिदरला येतात.

बिदर मराठी माणसाला ठाऊक आहे ते संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणेतून. बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकी ही नावं आमच्या लहानपणी एका दमात म्हटली जात. भालकी, औराद, बसवकल्याणच्या कितीतरी घरांत आजही मराठी बोलली जाते. बहामनींची ही राजधानी. महमूद गवानने पंधराव्या शतकात इथे मदरसा बांधला, देशोदेशीचे विद्वान तिथे शिकवायला येत. बिदरी काम करणारे कारागीर धातूला काळा रंग आणायला जुन्या किल्ल्यातली माती वापरतात. तीच माती का लागते, याची त्यांची म्हणून एक खात्री आहे. या पुस्तकाच्या निमित्ताने मी बिदरला गेले, तेव्हा किल्ल्याच्या तटावर उभी होते. अर्ध्या तासात चार वेळा हॉक विमानं डोक्यावरून गेली. शेजारी शेंगा विकणाऱ्या बाईंनी एकदाही मान वर केली नाही. त्यांच्यासाठी तो शाळेच्या घंटेसारखा रोजचा आवाज होता.

आणि ती शाळाच आहे. १९६२ च्या चीन युद्धानंतर हवाई दल झपाट्याने वाढवायचं ठरलं, वैमानिकांची गरज एकदम वाढली, आणि बिदरच्या जुन्या धावपट्टीवर प्राथमिक उड्डाणशाळा आली. पुढची कित्येक दशकं हजारो मुलांनी पहिल्यांदा जमीन सोडली ती इथे. सूर्यकिरण हा कसरतींचा चमू १९९६ मध्ये इथेच उभा राहिला. २३ फेब्रुवारी २००८ रोजी हॉक विमानं दलात रीतसर दाखल झाली तीही इथेच, आणि बिदरचं काम बदललं. आता इथे येणाऱ्याला उडता येत असतं. त्याला लढायला शिकायचं असतं.

या दोहोंत काय फरक आहे, हे मला समजून घ्यायला वेळ लागला. उडणं म्हणजे विमानाकडे लक्ष देणं. लढाऊ वैमानिकाला विमान विसरता यावं लागतं. ताशी सात-आठशे किलोमीटर वेगाने, झाडांच्या शेंड्यांपासून काही शे फुटांवरून जाताना त्याला नकाशा जुळवायचा असतो, इंधन मोजायचं असतं, शेजारच्या विमानाशी ठरलेलं अंतर राखायचं असतं, रेडिओवरचं ऐकायचं असतं, आणि ठरलेल्या सेकंदाला लक्ष्यावर पोचायचं असतं. तेव्हा हाताला उडवणं चालण्याइतकं सवयीचं झालेलं हवं. शिवाय शरीर. आठ जीच्या, म्हणजे गुरुत्वाच्या आठपट जोराच्या, वळणात सत्तर किलोच्या मुलाचं शरीर पाचशे साठ किलोचं होतं. रक्त पायांकडे धावतं, डोळ्यांपुढचे रंग जातात, मग कडा काळवंडतात. पोटऱ्या, मांड्या, पोट आवळून, ठरावीक तालात श्वास घेऊन रक्त डोक्यात धरून ठेवावं लागतं, आणि त्याच क्षणी मान वळवून मागे पाहावं लागतं, कारण शत्रू मागून येतो. हे वाचून कळत नाही. ते अंगात मुरावं लागतं, आणि मुरायला मधे वेळ हवा, मधे विमान हवं.

जमिनीवरचं काम वेगळंच. उड्डाण असतं तासाभराचं, पण त्याआधीची आखणी आणि नंतरची चिकित्सा, ज्याला सगळे डीब्रीफिंग म्हणतात, ती कधीकधी त्याच्या दुप्पट चालते. त्या खोलीत मानमरातब बाजूला ठेवावा अशी रीत आहे. ज्येष्ठानेही आपली चूक फळ्यावर काढायची असते. मी शिक्षिका म्हणून सांगते, चूक लपवण्याची गरजच पडू नये असा वर्ग उभा करणं ही शिकवण्यातली सर्वांत अवघड गोष्ट आहे. आमच्या शाळांनी हवाई दलाकडून एकच गोष्ट उसनी घ्यावी असं मला कुणी विचारलं, तर मी शिस्त सांगणार नाही, ही खोली सांगेन.

अशी खोली सुरुवातीपासून नव्हती. पहिल्या महायुद्धाच्या आरंभी ब्रिटनमध्ये आघाडीवरून दमून परतलेल्या वैमानिकांना शिकवायला बसवत. त्यांना शिकवण्याची इच्छा नसे आणि पद्धत ठाऊक नसे. शिकाऊ मुलं शत्रूचं तोंड पाहण्याआधीच मोठ्या संख्येने मरत. १९१७ मध्ये रॉबर्ट स्मिथ-बॅरी या अधिकाऱ्याने गॉस्पोर्ट इथे हे उलटवलं. विद्यार्थ्याला धोक्यापासून दूर ठेवायचं नाही. विमान गिरक्या घेत कोसळू लागलं तर काय करायचं हे त्याला मुद्दाम कोसळवून शिकवायचं. मागच्या-पुढच्यांत बोलण्यासाठी त्यांनी एक रबरी नळी वापरात आणली. इतकी साधी वस्तू. तिच्याआधी विमानात शिक्षक विद्यार्थ्याशी नीट बोलूच शकत नव्हता. जगातल्या बहुतेक हवाई दलांचं शिक्षण आजही या गॉस्पोर्टच्या पायावर उभं आहे, आणि आपलंही.

भारतीय हवाई दल ८ ऑक्टोबर १९३२ रोजी स्थापन झालं आणि १ एप्रिल १९३३ रोजी कराचीला पहिली स्क्वाड्रन उभी राहिली. तिचे पहिले भारतीय वैमानिक इंग्लंडमधल्या क्रॅनवेलला शिकून आले होते. दुसऱ्या महायुद्धाने हे बदललं. बेगमपेट आणि जोधपूरला प्राथमिक शाळा, अंबाल्याला पुढची शाळा, आणि शेवटी रिसालपूरचं १५१ क्रमांकाचं ऑपरेशनल ट्रेनिंग युनिट, जिथे हरिकेन आणि स्पिटफायर विमानांवर लढाई शिकवली जाई. ‘ऑपरेशनल ट्रेनिंग युनिट’ ही कल्पना महत्त्वाची आहे. शाळा आणि रणांगण यांच्या मधे एक जागा हवी, जिथे खरं विमान आहे, खरी शस्त्रं आहेत, पण शत्रू नाही. मुंबईत जन्मलेले हृषीकेश मूळगावकर याच काळातले. १९४० मध्ये ते हवाई दलात आले, ब्रह्मदेशात लढले, १९४७-४८ च्या काश्मीर युद्धातल्या कामगिरीसाठी त्यांना महावीर चक्र मिळालं, आणि १९७६ ते १९७८ ते हवाई दलप्रमुख होते.

इथे कर्जतची म्हणून एक गोष्ट मनात येते. ज्या वर्षांत मराठी तरुण सरकारी गणवेशात हरिकेन शिकत होते, त्याच वर्षांत भाई कोतवाल आणि त्यांचा आझाद दस्ता आमच्या डोंगरांत सरकारचे विजेचे मनोरे पाडत होता. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर भाई आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. लहानपणी मला हे दोन इतिहास एकमेकांचे शत्रू वाटत. आता तसं वाटत नाही. स्वतंत्र भारताला काश्मीर राखायला पहिल्याच वर्षी वैमानिक लागले, आणि ते त्या गणवेशातून आले.

स्वातंत्र्यानंतरचा एक मराठी माणूस या कथेच्या मध्यभागी आहे, आणि त्याचं नाव आमच्या मुलांना ठाऊक नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. डॉ. विष्णु माधव घाटगे. कोल्हापूर जिल्ह्यातलं हसूरचंपू हे त्यांचं गाव. जर्मनीत ग्योटिंगनला लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली. ज्या प्रांट्लचा सीमास्तराचा सिद्धान्त मी वर्गात शिकवत असे, तेच हे प्रांट्ल. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये घाटग्यांनी एचटी-२ हे प्राथमिक प्रशिक्षण विमान रचलं. ऑगस्ट १९५१ मध्ये ते पहिल्यांदा उडालं. मग किरण हे जेट, ४ सप्टेंबर १९६४ रोजी उडालेलं. त्यात शिक्षक-विद्यार्थी शेजारी शेजारी बसतात, शाळेच्या बाकावर बसल्यासारखे. म्हणजे पन्नास वर्षांहून अधिक काळ या देशातला जवळजवळ प्रत्येक लढाऊ वैमानिक गडहिंग्लज तालुक्यातल्या एका माणसाच्या हातून पुढे गेला. या पुस्तकात त्यांच्यावर स्वतंत्र लेख असावा, हा माझा एकमेव हट्ट होता.

आता या विषयातला दुखरा भाग. साठच्या दशकात मिग-२१ आलं. नाशिकजवळ ओझरला ते बनू लागलं आणि दलाचा कणा झालं. एकूण ८७० हून अधिक विमानं आपण वापरली. ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणारं, आखूड त्रिकोणी पंखांचं हे विमान उतरतानाही ताशी तीनशे किलोमीटरच्या वर असतं. वेग थोडा कमी पडला की ते तरंगत नाही, पडतं. किरण याच्या अगदी उलट, शांत आणि क्षमाशील. या दोहोंमधलं अंतर कशाने भरायचं? काही काळ हंटर विमानांवर मधलं शिक्षण होत असे. पोलंडची इस्क्रा विमानं हकीमपेटला आली. हंटर म्हातारी झाली तसं आसाममधल्या तेजपूरला मिगवरचंच प्रशिक्षण युनिट उभं राहिलं. म्हणजे ज्या विमानासाठी तयारी करायची, तयारीही त्याच विमानावर करायची. घाटाच्या पायथ्याशी बँकर न लावता गाडी सोडण्यासारखं हे होतं.

हे कुणाला कळलं नव्हतं असं नाही. १९८२ मध्ये एअर मार्शल ला फाँतेन यांच्या समितीने प्रगत जेट प्रशिक्षण विमान घ्या, असं स्पष्ट सांगितलं होतं. ब्रिटनचं हॉक की युरोपचं अल्फा जेट, यावर तेव्हापासून चर्चा सुरू झाली. किमतीच्या वाटाघाटी झाल्या, सरकारं बदलली, फाइली परत पहिल्या टेबलावर गेल्या. ६६ हॉक विमानांचा करार झाला मार्च २००४ मध्ये. मधे बावीस वर्षं गेली. समितीचा अहवाल आला तेव्हा जन्मलेली मुलं तोवर स्वतः मिगमध्ये बसली होती.

त्या बावीस वर्षांतला प्रत्येक अपघात मधली पायरी नसल्यामुळे झाला, असं मी म्हणणार नाही. ते खरं नाही. इंजिनं बंद पडली, पक्षी धडकले, सुटे भाग वेळेवर मिळाले नाहीत, अनुभवी वैमानिकांच्याही चुका झाल्या. पण पायरी हवी हे ठाऊक असताना ती बांधली गेली नाही, ही वस्तुस्थिती उरतेच. पुण्याचे फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ १७ सप्टेंबर २००१ च्या रात्री राजस्थानात सूरतगडहून मिग-२१ घेऊन उडाले आणि काही क्षणांत विमान कोसळलं. त्यांच्या आई कविता गाडगीळ आणि वडिलांनी दुःख घरात ठेवलं नाही. मिगची सुरक्षितता आणि तरुण वैमानिकांचं शिक्षण हा प्रश्न त्यांनी वर्षानुवर्षं जाहीरपणे लावून धरला. मुलगा गेलेल्या आईने वायुगतिशास्त्र, चौकशीचे अहवाल, विमानखरेदीच्या फाइली यांची भाषा शिकून प्रश्न विचारावेत, ही माझ्या मते या क्षेत्राच्या इतिहासातली मोठी घटना आहे. तिला तळटीपेत ढकलून चालणार नाही.

प्रशिक्षणाचे जगात तीन ढोबळ संप्रदाय मानले जातात. नवख्या वाचकाने ते ओळखून ठेवावेत. ब्रिटिश पद्धत प्रशिक्षकाच्या भोवती फिरते. विद्यार्थ्याचा स्वभाव ओळखून त्याला घडवायचं, आणि वैमानिकाने हवेत स्वतः निर्णय घ्यायचा. सोव्हिएत पद्धतीत जमिनीवरच्या नियंत्रकाचं महत्त्व मोठं होतं. वैमानिकाने ठरलेलं काम ठरल्याबरहुकूम, बिनचूक पार पाडायचं. आपण विमानं सोव्हिएत घेतली आणि शिकवण्याची रीत ब्रिटिश ठेवली. या मिश्रणातून आपली अशी एक घडण तयार झाली, आणि ते काही वाईट झालं नाही. तिसरी अमेरिकन, व्हिएतनामच्या अनुभवातून आलेली. तिथल्या हवाई लढायांत अपेक्षेहून जास्त विमानं गमावल्यावर अमेरिकी नौदलाने १९६९ मध्ये मिरामारला ‘टॉप गन’ शाळा काढली, आणि १९७५ मध्ये तिथल्या हवाई दलाने ‘रेड फ्लॅग’ सराव सुरू केला. त्यामागचा विचार असा होता, की वैमानिक मरतो तो बहुधा पहिल्या काही लढायांत, म्हणून त्या पहिल्या लढाया घरीच, जवळजवळ खऱ्यासारख्या लढवून घ्यायच्या. आपणही मागे नव्हतो. १९७१ च्या फेब्रुवारीत आदमपूरला हवाई डावपेच शिकवणारी संस्था निघाली. त्याच डिसेंबरात तिच्या प्रशिक्षकांनी अंबाल्याहून रात्रीच्या अंधारात, अगदी खालून, पाकिस्तानच्या धावपट्ट्यांवर हल्ले केले. पुढे ती जामनगरला आणि मग ग्वाल्हेरला गेली. आज टॅकडी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेत पोचणं हा लढाऊ वैमानिकाच्या आयुष्यातला फार मोठा मान समजला जातो.

आत्ताच हे पुस्तक का? २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं. मंजूर ४२ लढाऊ स्क्वाड्रनांपैकी २९ उरल्या. वर्तमानपत्रांत चर्चा झाली ती नव्या विमानांची: किती तेजस, किती राफेल. त्यांत बसणाऱ्यांची चर्चा फारशी झाली नाही. महालेखापरीक्षकांच्या अहवालानुसार २०१५ च्या सुरुवातीला हवाई दलात ४८६ वैमानिक कमी होते. २०२१ अखेर हा आकडा ५९६ झाला. विमान परदेशातून विकत आणता येतं. वैमानिक विकत मिळत नाही. खडकवासल्याच्या फाटकापासून स्क्वाड्रनमध्ये पूर्ण जबाबदारी मिळेपर्यंत सात-आठ वर्षं लागतात, आणि त्यातला एकही टप्पा पैसे जास्त मोजून लवकर उरकत नाही.

खालच्या पायऱ्याही डगमगल्या होत्याच. दीपक हे प्राथमिक विमान २००९ मधल्या जीवघेण्या अपघातानंतर कायमचं जमिनीवर ठेवलं गेलं आणि पिलाटस २०१३ मध्ये आलं. मधली चार वर्षं किरणवरच पहिले धडेही गिरवले गेले. किरणची जागा घ्यायला २००३ मध्ये उडालेलं सितारा अजून सेवेत आलेलं नाही. त्यातून एक समाधानाची बातमी आपल्याच राज्यातली आहे. एचटीटी-४० या नव्या स्वदेशी प्राथमिक विमानाची दुसरी उत्पादन साखळी ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिकला सुरू झाली. ज्या ओझरने मिग बांधली, ते आता पहिली पायरी बांधणार आहे.

आणि दार रुंद झालं आहे. २०१६ च्या जूनमध्ये अवनी चतुर्वेदी, भावना कंठ आणि मोहना सिंग या पहिल्या तिघी लढाऊ शाखेत आल्या, आणि दुंडीगलहून पुढचं शिक्षण घ्यायला बिदरलाच गेल्या. छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व संस्था १९७७ पासून मराठी मुलांना एनडीएसाठी तयार करते; मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला निघाली आहे. खालापूरच्या त्या मुलीचा प्रश्न आता कल्पनेतला राहिलेला नाही.

या संग्रहात आम्ही काय केलं आणि काय केलं नाही, ते सांगायला हवं. शौर्यकथा इथे नाहीत. त्यांची पुस्तकं आहेत आणि ती चांगली आहेत. विमानांचे तक्तेही नाहीत. ज्यांनी शिकवलं, जे शिकले, जे मधेच थांबवले गेले, ज्यांनी पहाटे धावपट्टीवरचे पक्षी हाकलले, ज्यांनी इंजिनं उघडून पाहिली, ज्यांनी घरी फोनची वाट पाहिली, त्यांनी इथे लिहिलं आहे. मधेच थांबवल्या गेलेल्यांचं लेखन मिळवायला सर्वांत वेळ लागला. दलात त्याला ‘सस्पेंड होणं’ म्हणतात. हुशार, धडधाकट, मेहनती मुलगा, फक्त ठरलेल्या तासांत त्याचा हात बसत नाही. त्याला विमानापासून दूर करतात, पुष्कळदा त्याचा जीव वाचवण्यासाठीच. पुढे हीच मुलं दलातच उत्तम नियंत्रक, उत्तम अभियंते झाली. तरी त्या दिवसाबद्दल लिहिताना पन्नाशीच्या माणसाचं अक्षर बदलतं, हे मी हस्तलिखितांत पाहिलं आहे. नवख्या वाचकाने हवं तर तिथूनच वाचायला सुरुवात करावी. प्रशिक्षण म्हणजे काय, ते यशस्वी माणसापेक्षा त्याला अधिक नेमकं ठाऊक असतं.

सेवेतल्या कुणाचंही लेखन इथे नाही आणि आजच्या युद्धसज्जतेशी संबंधित काहीही नाही. मतभेद आहेत, ते तसेच ठेवले आहेत. सिम्युलेटरवर किती तास शिकवावेत यावर दोन माजी प्रशिक्षकांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही. एकाच्या मते आता निम्मं शिक्षण जमिनीवर होऊ शकतं. दुसऱ्याच्या मते भीती जमिनीवर शिकवता येत नाही. माझा कल दुसऱ्याकडे आहे, पण पहिल्याचा लेख अधिक चांगला लिहिला गेला आहे, हे मान्य करते.

भाषेबद्दल थोडं. सोलो, फॉर्मेशन, विंगमन, डीब्रीफिंग, इजेक्ट हे शब्द आम्ही तसेच ठेवले. क्रू रूममध्ये हेच शब्द बोलले जातात, आणि त्यांच्यासाठी घडवलेले संस्कृत प्रतिशब्द तिथे कुणीच वापरत नाही. एका शब्दावर मात्र आम्ही बराच वेळ अडलो. मागच्या आसनावरून शिकवणाऱ्याला काय म्हणायचं? प्रशिक्षक म्हटलं, इन्स्ट्रक्टर म्हटलं, काहींनी नुसतं ‘सर’ लिहिलं. शेवटी ज्याने जे लिहिलं ते राहू दिलं. पण त्या सगळ्यांच्या लेखांत एक प्रसंग जवळजवळ सारखा येतो. पाच-सहा उतरणी झालेल्या असतात, विमान धावपट्टीच्या कडेला थांबतं, इंजिन चालूच असतं. मागचा माणूस काही न बोलता पट्टे सोडतो, रिकाम्या आसनावरचे पट्टे पुन्हा नीट आवळून बांधतो म्हणजे ते दांडीत अडकणार नाहीत, खाली उतरतो, आणि कडेच्या गवतात उभा राहून हाताने खूण करतो: जा.

कर्जत